गालीलच्या काठचं मग्दला: यात्रेत हे ठिकाण घाईत उरकू नका

पवित्र भूमीच्या यात्रेची जी पत्रकं आपल्याकडे चर्चच्या आवारात वाटली जातात, त्यांत गालील सरोवराकाठच्या मग्दलाचं, म्हणजे प्रभू येशूंची शिष्या मग्दालीया मरीया हिच्या गावाचं, नाव बहुधा नसतं, आणि असलंच तर 'वेळ मिळाल्यास' असं पुढे लिहिलेलं असतं. आम्ही २०२३ च्या मार्चमध्ये गेलो तेव्हा आमच्या टूरवाल्यांनीही मग्दलाला पाऊण तास ठेवला होता. सोबतच्या फादरांनी आग्रह धरला, दुपारची खरेदी रद्द करायला लावली आणि आम्हाला तिथं अर्धा दिवस मिळाला. त्याबद्दल मी फादरांची कायमची ऋणी आहे.

मी उत्तनची. घरात पिढ्यान्‌पिढ्या बोट आहे आणि माझा स्वतःचा धंदा सुक्या-खाऱ्या मासळीचा. त्यामुळे हा अभिप्राय एका श्रद्धाळू बाईचा आहे तसाच एका मासळीवालीचाही आहे. कफर्णहूम, ताबघा, डोंगरावरच्या प्रवचनाची जागा, सगळं पाहिलं, सगळीकडे गुडघे टेकले. तरी गालीलच्या काठावरचं एकच ठिकाण पुन्हा पाहायला मिळणार असेल तर मी मग्दला सांगेन.

तिबिर्या शहरातून काठाकाठानं उत्तरेला निघालं की पाच-सहा किलोमीटरवर, अर्बेलच्या उभ्या कड्याखाली हे गाव होतं. होतं म्हणजे खरोखर होतं. आज तिथं त्या गावातलं कुणी राहत नाही. २००९ पर्यंत या बाजूचं जुनं गाव मातीखालीच होतं. 'लेजनरीज ऑफ क्राइस्ट' या धर्मसंघाचे फादर हुआन सोलाना यांच्या पुढाकारानं इथं यात्रेकरूंसाठी निवास बांधायचं ठरलं. इस्राएलमध्ये अशा जागी बांधकामाआधी उत्खनन करावंच लागतं. पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी खणायला घेतलं आणि हातभर मातीखाली पहिल्या शतकातलं सभास्थान, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनेचं ठिकाण, लागलं. मग निवासाचा आराखडा बदलला आणि पुढे २०१० पासून मेक्सिकोच्या आनावाक विद्यापीठाचा चमू मार्सेला सापाता-मेसा यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षं इथं खणत राहिला. रस्ते, बाजार, घरं, विधिस्नानाची कुंडं आणि मासळीचे हौद, एक अख्खं गाव वर आलं.

शेजारच्या भागात फ्रान्सिस्कन धर्मगुरू कोर्बो आणि लोफ्रेदा यांनी १९७० च्या दशकातच खणलं होतं. त्यांना मिळालेल्या फरशीच्या नक्षीत एक होडी आहे, शीड आणि वल्ही असलेली. तो भाग वेगळा आहे, या तिकिटात येत नाही, हे लक्षात ठेवा.

आता सेवेबद्दल. प्रवेशद्वाराशी तिकीट घेतलं की गटासाठी वाटाड्या मिळतो. आम्हाला मिळाली ती मेक्सिकोहून स्वयंसेवेला आलेली मुलगी. इंग्रजी सावकाश बोलायची, म्हाताऱ्या माणसांसाठी थांबायची आणि जिथं अभ्यासकांत मतभेद आहेत तिथं 'काही जण असं म्हणतात, काही तसं' हे स्पष्ट सांगायची. यात्रेत इतरत्र भेटलेल्या वाटाड्यांपेक्षा मला हे फार मोलाचं वाटलं. 'प्रभू इथंच बसले, याच दगडावर' असं तिनं एकदाही म्हटलं नाही.

सभास्थान आकारानं लहान आहे, साधारण १२० चौरस मीटर. चारी बाजूंनी भिंतीलगत दगडी बाकं, मध्ये खांबांचे बुंधे, त्यांच्या गिलाव्यावर अजून तांबडा रंग दिसतो. एका बाजूला बारीक दगडांच्या फरशीची नक्षी. इथं सापडलेलं एक नाणं तिबिर्यात इसवी सन २९ मध्ये पाडलेलं आहे. म्हणजे प्रभू येशू गालीलात फिरत होते त्या सुमाराचं. मत्तय ४:२३ मध्ये येतं की ते सगळ्या गालीलभर त्यांच्या सभास्थानांत शिकवत फिरले. नासरेथहून कफर्णहूमला उतरणारी वाट अर्बेलच्या खिंडीतून येते ती थेट मग्दलाशीच. शुभवर्तमानात 'मग्दलाच्या सभास्थानात शिकवलं' असं वाक्य कुठं नाही. पण वाटेवरचं गाव, गावात सभास्थान आणि दर सभास्थानात शिकवणारे गुरू. मला एवढं पुरेसं आहे. मत्तय १५:३९ मध्ये चार हजारांना जेवू घातल्यावर प्रभू तारवात बसून मग्दानच्या हद्दीत आल्याचं आपण वाचतो, तिथं काही जुन्या प्रतींत मग्दला असंच आहे.

कफर्णहूमला जे पांढऱ्या दगडाचं देखणं सभास्थान सगळे फोटोत घेतात ते चौथ्या-पाचव्या शतकातलं आहे. प्रभूंच्या काळचं काळ्या दगडाचं बांधकाम त्याच्या पायाशी आहे. मग्दलात मधला थरच नाही. कारण इसवी सन ६७ नंतर गाव पूर्वीसारखं उभंच राहिलं नाही.

ती हकीकत वाटाडीनं सभास्थानाच्या कडेला उभं राहून सांगितली. रोमविरुद्धच्या बंडात हे गाव बंडखोरांचा तळ होतं. ग्रीक लेखक त्याला तारिखिया म्हणत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. रोमन सेनापती वेस्पासियन आणि त्याचा मुलगा तीतस यांनी ते घेतलं. पळालेले लोक होड्यांत बसून सरोवरात गेले, रोमनांनी तराफे बांधून त्यांचा पाठलाग केला. त्या काळचा यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो की पाणी रक्तानं लाल झालं आणि काठावर प्रेतं कुजत पडली. नंतर वेस्पासियननं सहा हजार धडधाकट तरुण निवडून सम्राट नीरोकडे कालवा खणायला पाठवले, म्हाताऱ्यांना मारून टाकलं आणि तीस हजारांवर माणसं गुलाम म्हणून विकली. ज्या बाकांसमोर आपण उभे असतो त्यांवर बसणाऱ्यांची मुलं-नातवंडं ती.

आणि गाव एकदाच ओस पडलं असंही नाही. पुढे याच परिसरात अल-मजदल नावाचं अरब गाव वसलं, तेही १९४८ मध्ये रिकामं झालं. हे आमच्या फादरांनी आवर्जून सांगितलं आणि दोन्ही वेळच्या लोकांसाठी प्रार्थना घेतली. यात्रेच्या पत्रकात हे येत नाही, यायला हवं.

सभास्थानाच्या मध्यभागी कोरीव दगड दिसतो, तो नक्कल आहे. मूळ दगड पुरातत्त्व खात्याकडे आहे. नक्कल म्हणून पुढे जाऊ नका. गुडघ्याएवढाही उंच नाही, खाली आखूड पाय, वर मधोमध सहा पाकळ्यांचं फूल. एका अंगाला सात फाट्यांचा दीपवृक्ष आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन कानांचे घडे. यरुशलेमचं मंदिर इसवी सन ७० मध्ये पाडलं गेलं. हा दगड त्याआधीचा. कोरणाऱ्यानं मंदिरातला दीपवृक्ष स्वतः डोळ्यांनी पाहिला असेल, असं काही अभ्यासक मानतात. धर्मग्रंथाची गुंडाळी यावर ठेवून वाचत असावेत, असाही एक अंदाज आहे.

माझे पाय खरे थबकले ते बाजाराच्या भागात. गल्लीच्या दोन्ही अंगांना लहान लहान गाळे आणि काही गाळ्यांत चौकोनी हौद, दगडांनी बांधलेले, पाणी आणायला बाजूनं पन्हळ. मासळी जिवंत ठेवायला की खारवायला, यावर अभ्यासकांची वेगवेगळी मतं आहेत. भूगोलकार स्ट्रेबो त्या काळीच लिहून गेला की तारिखियाच्या सरोवरातली मासळी खारवायला उत्तम. मी हौदाच्या काठावर बसून आत हात घालून पाहिला. खोली बेताची आहे, कोपरापर्यंत हात घातला की तळाचा अंदाज येतो. खारवणाऱ्या माणसाला असाच हौद लागतो. फार खोल केला तर तळची मासळी वरच्या वजनानं चेपते, फुटते आणि मीठ सगळीकडे सारखं पोचत नाही. त्यात गालीलचं पाणी गोडं. आपल्याकडे समुद्र आणि मिठागरं शेजारी-शेजारी, इथं मीठ बाहेरूनच विकत आणावं लागलं असणार. विकतचं मीठ, माणसाची मजुरी, भरून पाठवायला मडकी, दूरचं गिऱ्हाईक. हे गरीब कोळीवाड्याचं काम नाही, भांडवलवाल्या गावाचं आहे. विधिस्नानाच्या कुंडांचा घडीव दगड पाहिला तरी तेच कळतं. ती कुंडं जमिनीतल्या झऱ्यानं भरतात, आम्ही गेलो तेव्हाही पायऱ्यांच्या तळाशी स्वच्छ पाणी होतं.

जाळ्यांची शिशाची वजनंही इथं सापडली आहेत. आमच्या घरी अशीच शिशाची वजनं जाळ्याच्या खालच्या दोरीला ओवतात. आमच्या गटातल्या एका आजोबांनी, साठ वर्षं दर्यावर काढलेल्या माणसानं, वाटाडीला दोन बोटांत धरून दाखवलं की वजन कसं चिमटून बसवतात. ती वही काढून लिहून घेत होती.

या सगळ्यातून मला मग्दालीया मरीया दिसली, आणि यासाठीच मी हा अभिप्राय लिहिते आहे.

आपण तिला कशी ओळखतो? गुड फ्रायडेच्या दुःखसहनाच्या नाटकात मोकळे केस सोडलेली, रडणारी, पापातून सुटलेली बाई. लहानपणापासून मी हेच पाहत आले. पण शुभवर्तमान उघडून बघा. लूक ८ मध्ये तिच्यातून सात भुतं निघाली एवढं आहे. तिच्या चारित्र्याबद्दल एक अक्षर नाही. आदल्या अध्यायात प्रभूंचे पाय आसवांनी भिजवणारी जी स्त्री येते तिचं नावच दिलेलं नाही. या दोघींना एक ठरवलं पोप पहिले ग्रेगरी यांनी, ५९१ च्या एका प्रवचनात, आणि ती चिकटलेली ओळख चौदाशे वर्षं सुटली नाही. १९६९ मध्ये चर्चनं आपल्या दिनदर्शिकेत त्यांना वेगळं केलं. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलैच्या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. प्रेषितांची प्रेषित हे बिरुद तर तिला मध्ययुगापासून होतं. नाटकातली बाई मात्र अजून तीच आहे.

लूक पुढच्याच वचनात सांगतो की ती, योहान्ना, सुसान्ना आणि इतर पुष्कळ स्त्रिया आपल्या पैशाअडक्यातून प्रभूंची आणि बारा शिष्यांची सेवा करत होत्या. हे वाचून आपण भराभर पुढे जातो. तेरा-चौदा माणसं गावोगाव फिरताहेत, जेवण, चपला, मुक्काम, कर. खर्च कोण करत होतं? या बायका. आणि त्यांच्यात पहिलं नाव मग्दलाच्या बाईचं. तिच्या नावापुढे नवऱ्याचं किंवा मुलाचं नाव नाही, गावाचं आहे.

तिचा पैसा मासळीच्या धंद्यातलाच होता असं कुणी सिद्ध करू शकणार नाही, मीही तसं म्हणत नाही. पण मी ज्या किनाऱ्यावर वाढले तिथं बोट पुरुषांची आणि बाजार बायकांचा. भाव ठरवणं, उधारी लक्षात ठेवणं, बोटीच्या डिझेलला पैसे मोकळे करणं, हे आमच्या आज्या-मावश्याच करत आल्या. त्या हौदांसमोर उभं राहिल्यावर मला हिशेब कळणारी, शब्दाची पक्की, गावात वजन असलेली बाई डोळ्यांपुढे आली. शिष्य पळाले तेव्हा क्रूसाजवळ उभी राहिलेली, आणि आठवड्याच्या पहिल्या दिवशी अंधार असतानाच कबरेकडे निघालेली बाई तीच. योहान २० मध्ये पुनरुत्थित प्रभू सगळ्यांत आधी तिला दिसतात आणि निरोप तिच्याकडेच देतात. बाजारात पहाटेच्या काळोखात निघायची सवय असलेल्या बायकांना तो प्रसंग वेगळा समजतो, असं माझं ठाम मत आहे.

उत्खननाच्या बाजूलाच सरोवरावर तोंड करून 'दुक इन आल्तुम' नावाची प्रार्थनावास्तू आहे. २०१४ मध्ये ती खुली झाली. प्रभूंनी पेत्राला 'खोल पाण्यात ने' म्हटलं त्या वचनावरून हे नाव दिलंय. आत शिरताच गोल दालनात आठ खांब आहेत. सातांवर शुभवर्तमानातल्या स्त्रियांची नावं कोरली आहेत: मग्दालीया मरीया, सुसान्ना आणि योहान्ना, मार्था-मरीया, सलोमी वगैरे. पेत्राच्या सासूलाही एक खांब आहे. ताप उतरल्याबरोबर उठून पाहुण्यांची सेवा करणाऱ्या त्या बाईला कुठल्या चर्चमध्ये खांब मिळालेला मी पाहिला नव्हता. आठवा खांब कोरा आहे, सर्व काळातल्या श्रद्धावान बायकांसाठी. आमच्यातल्या बऱ्याच जणींनी त्याला हात लावून आपापल्या आयांची नावं घेतली.

मुख्य मंदिरातली वेदी होडीच्या आकाराची आहे, डोलकाठी आणि आडवं लाकूड मिळून क्रूस झालेला. मागे भिंतभर काच आणि काचेपलीकडे पाणी, त्यामुळे होडी सरोवरावरच उभी आहे असं वाटतं. होडीचा बांधा दर्यावरच्या माणसांना खटकणार नाही असा नीट घेतला आहे. आमची मिस्सा तिथं झाली, फादरांनी मराठीतून केली. त्यासाठी आधी कळवून वेळ राखावी लागते, ऐनवेळी जागा मिळेल हे गृहीत धरू नका.

तळघरातल्या प्रार्थनागृहाची जमीन म्हणजे पहिल्या शतकातल्या बाजाराच्या मूळ फरसबंदीचे दगड. समोर चिलीचे चित्रकार दानिएल कारिओला यांचं भिंतभर चित्र: बारा वर्षं रक्तस्रावानं त्रासलेली स्त्री गर्दीत प्रभूंच्या वस्त्राच्या गोंड्याला हात लावते तो क्षण. चेहरे नाहीतच. पायच पाय, चपला, धूळ आणि मधून आलेलं एक बोट. मी मासळीबाजारात बसते तेव्हा मला माणसं अशीच दिसतात, पायांपासून वर. त्या चित्रापुढे मी बराच वेळ बसले. इथं फोटोसाठी ढकलाढकली झाली नाही, याचं श्रेय तिथल्या स्वयंसेवकांना आहे. ते शांतपणे, न ओरडता गट पुढे-मागे करत होते.

उणिवा आहेत. फलक वाचून सगळं कळेल अशी अपेक्षा ठेवू नका. वाटाड्याशिवाय हौद नुसते खड्डे वाटतील. सभास्थानावर छत आहे पण बाजाराच्या भागात ऊन थेट अंगावर येतं. हे सरोवर समुद्रसपाटीपेक्षा दोनशे मीटरहून खाली आहे, मार्चमध्येही दुपारी घाम येतो. जमीन बहुतेक सपाट असल्यामुळे गुडघेदुखीवाल्यांना मात्र फारशी अडचण येत नाही. आम्हाला हौदांपाशी आणखी थोडा वेळ आणि मासेमारीबद्दल आणखी माहिती हवी होती, ती मागितल्यावर मिळाली. न मागता मिळाली असती तर जास्त बरं.

जेवणासाठी काठावरच्या एका उपाहारगृहात गेलो होतो, त्याचं नाव देत नाही. सगळे यात्रेकरू खातात तो 'पेत्राचा मासा' तिथं घेतला. स्थानिक लोक त्याला मुश्त म्हणतात, आपल्याकडच्या तिलापियाच्या कुळातला. मासा अख्खा तळलेला होता, पण मीठ आतपर्यंत गेलेलं नव्हतं आणि किंमत भरमसाट. खारवण्यासाठी नावाजलेली मासळी मात्र ही नव्हे, ती इथली बारीक चांदीसारखी तारली. ती कुठं चाखायला मिळते का, विचारून बघा.

मग्दलाला जोडूनच, दोन-तीन किलोमीटरवर गिनोसरला जा. १९८६ मध्ये दुष्काळानं पाणी हटलं तेव्हा दोन कोळी भावांना चिखलात एक जुनी होडी दिसली. पहिल्या शतकाच्या आसपासची, ८ मीटरहून थोडी जास्त लांब. देवदार आणि ओक ही मुख्य लाकडं, आणि मध्ये मध्ये हाताला लागतील त्या लाकडांचे तुकडे जोडलेले. आमच्या आजोबांनी काचेबाहेरून पाहून सांगितलं की मालकानं ही शेवटपर्यंत डागडुजी करून चालवली आहे. दोन्ही ठिकाणं एका दिवसात आरामात होतात.

टूर ठरवताना मग्दला 'वाटाड्यासह, किमान तीन तास' असं लेखी घ्या, आणि बदल्यात दुकानांचा एक थांबा सोडा. उन्हाळा टाळा, २२ जुलैच्या सणाला तिथं असावं असं वाटेल, पण वयस्क माणसं बरोबर असतील तर त्या उन्हात नेऊ नका. हल्ली तिकडची परिस्थिती वरचेवर बदलते, म्हणून पैसे भरण्याआधी चौकशी करा आणि रद्द करण्याच्या अटी नीट वाचून घ्या. महिला मंडळांनी तर ही यात्रा स्वतः ठरवावी आणि निघण्याआधी सगळ्यांनी मिळून लूक ८ आणि योहान २० वाचून जावं.